टक्के न विचारणारं कॉलेज

कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर अट एवढीच: वय अठरा पूर्ण हवं, नाहीतर हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला हवा. दोन्हींपैकी एक असलं की पुरे. गुणवत्ता यादी नाही, प्रवेश परीक्षा नाही, शिफारसपत्र नाही, मुलाखत नाही. अर्जाला फी नाही. शाळेत किती टक्के पडले यावर प्रवेश अडत नाही. अठरा वर्षांचा मुलगा अर्ज करतो, त्याच्या आजीच्या वयाची बाई अर्ज करते, आणि दोघांनाही सारख्याच ई-मेलने विद्यार्थी क्रमांक येतो.

मी मिरजेची. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सान होजेच्या आसपास राहायला आले, एच-फोर व्हिसावर. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या बायको-मुलांना किंवा नवऱ्याला हा व्हिसा मिळतो. तेव्हा त्यावर नोकरी करायला बंदी होती. 2015 पासून, जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली. शिकायला आधीही आडकाठी नव्हती. इथे दे अँझा, फूटहिल, मिशन, एव्हरग्रीन व्हॅली, ओलोनी अशी अनेक कम्युनिटी कॉलेजं गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात आहेत. त्यांपैकी एकात मी अकाउंटिंग शिकले आणि आज त्यावरच माझी नोकरी आहे. ओळखीतून कोणी ना कोणी विचारत येतं, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही अर्ज भरतो. या टेबलावर बसून माझं एक मत पक्कं झालंय. प्रवेशाच्या अटी कमीत कमी असाव्यात, आणि प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्याला वाट दाखवणारी माणसं जास्तीत जास्त असावीत. कॅलिफोर्नियाने पहिली गोष्ट केली, दुसरी अर्धीमुर्धी केली. आपल्याकडे महाराष्ट्रात दोन्हींवर बोलायची वेळ आली आहे.

अमेरिकेतलं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज 1901 मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी निघालं. कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढची दोन वर्षं शिकवायची मुभा दिली. पण या कॉलेजांची जागा खऱ्या अर्थाने ठरली ती 1960 च्या मास्टर प्लॅनमध्ये. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचा त्यात मोठा वाटा होता. राज्याच्या उच्च शिक्षणाचे तीन भाग पाडले गेले. हायस्कुलातल्या वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांश मुलांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि ज्याला कोणाला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. इथे दोन वर्षं शिकून वरच्या दोन्ही व्यवस्थांमध्ये थेट तिसऱ्या वर्षाला जाता येईल, ही त्यातली खरी गोम. शिकवण्याचा ज्याला लाभ होऊ शकतो अशा अठरा वर्षांवरच्या कोणाही व्यक्तीला प्रवेश, असं राज्याचा शिक्षण कायदा सांगतो. कायद्याच्या रूक्ष भाषेत इतकी उदार ओळ मी तरी दुसरी वाचलेली नाही.

आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत आणि त्यांत 20 लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. 1984 पर्यंत रहिवाशांना फीच नव्हती. 2012 पासून ती युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, 46 डॉलर आहे. नेहमीचा एक विषय तीन युनिटांचा धरला तर 138 डॉलर, आणि विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी लागणाऱ्या 60 युनिटांचे 2,760. पुस्तकं, आरोग्य शुल्क आणि पार्किंग वेगळं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात एका वर्षाची फीच 15 हजार डॉलरच्या घरात जाते. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना 46 डॉलरही माफ होतात.

एवढं असून आपल्या लोकांत या कॉलेजचं नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. गणपतीच्या कार्यक्रमात, दिवाळीच्या फराळाला मुलांच्या प्रवेशाच्या गप्पा निघतात. कोणाचा मुलगा बर्कलीला, कोणाची मुलगी मिशिगनला. आणि एखादी आई म्हणते, आमचा सध्या कम्युनिटी कॉलेजला आहे, पुढे बघू. त्या 'सध्या'मध्ये जो संकोच असतो तो मला सहन होत नाही. कारण याच घरांतली मुलं नववी-दहावीत असल्यापासून याच कॉलेजांचे विषय घेत असतात. मुख्याध्यापकांची आणि पालकांची सही असली की हायस्कुलातल्या मुलांनाही इथे एखाद-दुसरा विषय घेता येतो, बहुतेक ठिकाणी फीशिवाय. त्याने विद्यापीठाचा अर्ज वजनदार होतो म्हणून आई-वडील स्वतः गाडी चालवत मुलांना तिथे सोडतात. तोच वर्ग, तेच प्राध्यापक, तीच परीक्षा. हायस्कुलात असताना घेतलं तर हुशारी आणि नंतर घेतलं तर कमीपणा, याला कोणी काय म्हणावं!

ज्यांना मोठ्या नावांशिवाय धीर येत नाही त्यांच्यासाठी सांगते. अभिनेता टॉम हँक्स सान फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्डमधल्या शाबो कॉलेजात शिकला, तेही कम्युनिटी कॉलेजच. शाळेतले गुण यथातथाच असल्यामुळे जिथे प्रवेश नक्की मिळणार तिथे तो गेला. आपण जे काही आहोत ते त्या कॉलेजमुळे, असं त्याने 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये नावानिशी लिहिलंय. आणि ज्यांना मुलाच्या पदवीवर मोठ्या विद्यापीठाचं नाव हवंय त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इथून पुढे गेलेल्या मुलाची पदवी त्या विद्यापीठाचीच असते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा ठिकाणं तर कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना प्रवेशाची हमी देतात. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पुरे करायचे आणि सप्टेंबर महिन्यात हमीचा अर्ज भरायचा. हायस्कुलातून थेट अर्ज करणाऱ्या किती मुलांना अशी लेखी हमी मिळते?

आता अर्ज. तो राज्यभर एकच आहे, ऑनलाइन, आणि कागदपत्रं हाताशी असली तर एका बैठकीत भरून होतो. आधी खातं उघडायचं, मग कॉलेज आणि सत्र निवडायचं, शिकायचा हेतू निवडायचा. पहिलीच अडचण नावाची येते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काहींच्या बाबतीत आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. कित्येकींचं तर सासरी पहिलं नावही बदललेलं असतं. मी सांगते, अर्जात पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं भरायचं. आधी दुसरं नाव होतं का, असा प्रश्न अर्जात असतो, तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. हे सोडून दिलं की पुढे गुणपत्रिका एका बाईची आणि अर्ज दुसऱ्या बाईचा, असं होऊन बसतं.

त्याहून मोठा प्रश्न रहिवासाचा. प्रवेश सर्वांना आहे, पण 46 डॉलरचा दर राज्याच्या रहिवाशांना आहे. बाहेरच्यांना त्याच्या कित्येक पट भरावे लागतात. रहिवासी ठरायचं तर सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो. एच-फोरवरच्या माणसाला हे करता येतं. विद्यार्थी व्हिसावर किंवा पर्यटक व्हिसावर आलेल्याला करता येत नाही. अर्जात व्हिसाचा प्रकार निवडताना घाईत 'विद्यार्थी' असा पर्याय दाबणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आपण विद्यार्थी होणार आहोत ना, म्हणून. त्या एका चुकीच्या निवडीने फी कैक पटींनी वाढून येते आणि ती दुरुस्त करायला कॉलेजच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

जळगावकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. बी.एस्सी., डोकं तल्लख, इथे येऊन दोन वर्षं होत आलेली. रहिवासाचे कागद काढायला बसलो. घराचा भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर. गाडी, गाडीचा विमा, फोन, बँकेचं खातं, सगळं त्याच्याच नावावर. तो काही वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या जे जे करायचं ते त्याने पटापट एकट्याने उरकलं होतं. ती म्हणाली, "ताई, माझ्या नावावर लायब्ररीचं कार्ड तेवढं आहे." दोन वर्षं ती या राज्यात रांधत होती, मुलाला शाळेत सोडत होती, कर भरणाऱ्या घरात राहत होती, आणि ती इथे राहते याचा तिच्याकडे पुरावा नव्हता. शेवटी दोघांनी मिळून भरलेलं कॅलिफोर्नियाचं आयकर विवरणपत्र कामी आलं. त्यावर तिचं नाव होतं, आणि रहिवासी म्हणून भरलेला फॉर्म 540 हा भक्कम पुरावा धरतात. मुलाच्या डॉक्टरांकडच्या नोंदीतही तिचं नाव आणि पत्ता होता. तिचं काम झालं. पण कित्येकींचं यापायी एक सत्र, कधी पूर्ण वर्ष हातचं जातं.

म्हणून इथे नव्याने आलेल्या प्रत्येकीला मी आधी हे सांगते. आल्याबरोबर स्वतःच्या नावाचं कॅलिफोर्नियाचं ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स काढ. बँकेचं खातं दोघांच्या नावावर कर. भाडेकरारावर तुझं नाव घालून घे, घरमालक सहसा नाही म्हणत नाहीत. शिकायचं की नाही ते पुढे ठरव. वर्षाची मोजणी मात्र आजपासून सुरू होऊ दे.

ज्यांच्याकडे भारतातली पदवी आहे त्यांनी ती फुकट गेली असं समजू नये. मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून गुणपत्रिकांची तपासणी करून घेतली की अनेक विषयांत सूट मिळते, आणि पूर्वअट असलेल्या विषयांना थेट बसता येतं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी बालशिक्षणाचे विषय घेतात. खासगी बालवाडीत शिक्षिका म्हणून लागायला राज्याच्या नियमाप्रमाणे त्यातली 12 युनिटं आणि थोडा अनुभव लागतो. वाणिज्य शाखेच्या मुली सीपीए, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापालाच्या परवान्यासाठी कमी पडणारे अकाउंटिंगचे विषय इथे भरून काढतात. इंग्रजी बोलायचे बिनश्रेयांकाचे वर्ग तर फीशिवाय असतात. ग्रीन कार्डावर मुलाकडे राहायला आलेल्या सासू-सासऱ्यांनी तिथे जरूर जावं. पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्यांनी मात्र कुठल्याही अभ्यासक्रमाला नाव घालू नये. त्या व्हिसावर ते चालत नाही, आणि पुढच्या प्रवासात त्रास होऊ शकतो.

आणि भारतातून विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजला येणाऱ्यांविषयी. तो मार्ग कायदेशीर आहे. पण त्या मुलांची वाट वेगळी: इंग्रजीची परीक्षा किंवा तत्सम पुरावा, खर्च झेपतो हे दाखवणारं बँकेचं पत्र, कॉलेजकडून आय-ट्वेंटी हा व्हिसासाठी लागणारा दाखला, मग व्हिसाची मुलाखत. फी बाहेरच्यांच्या दराने. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नाही, म्हणजे इथलं, सान फ्रान्सिस्को-सान होजे भागातलं, घरभाडं आलंच. 46 डॉलरचा आकडा दाखवून कोणी एजंट गळ घालत असेल तर तो आकडा तुमच्या मुलासाठी नाही, हे ध्यानात ठेवा.

आता खटकणाऱ्या गोष्टींकडे येते. प्रवेश खुला होता हे खरं, पण माझ्या वेळी प्रवेश मिळाल्यावर एक चाचणी असे. इंग्रजी आणि गणिताची, संगणकावर. ती नापास करत नसे, पातळी ठरवत असे. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. इंग्रजीत मला दोन पायऱ्या खाली बसवलं गेलं. म्हणजे विद्यापीठाला चालेल असा इंग्रजीचा विषय घेण्याआधी दोन सत्रं असे वर्ग, ज्यांचं एकही युनिट पुढे मोजलं जाणार नव्हतं. माझ्या शेजारी एक मेक्सिकन बाई बसायची, हॉटेलात खोल्या साफ करून थेट वर्गाला यायची. तिला गणितात तीन पायऱ्या खाली बसवलं होतं. दुसऱ्या सत्रात ती दिसली नाही. तिला कॉलेजने काढलं नव्हतं. तिचा पल्ला आधीच दीड वर्षाने वाढवून ठेवला होता, आणि तिच्याजवळ तेवढा वेळ नव्हता. अशी माणसं राज्यभर हजारोंनी गळत होती. प्रवेश परीक्षा नाही म्हणायचं आणि प्रवेशानंतर ती घ्यायची, हा अन्याय कित्येक वर्षं चालला.

2017 मध्ये राज्याने कायदा केला, एबी 705. चाचणीच्या जोरावर कोणाला खालच्या वर्गांत ढकलायचं नाही, हायस्कुलातले गुण पाहायचे आणि विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच विद्यापीठाला चालणारं इंग्रजी आणि गणित पुरं करता येईल अशी सोय लावायची. 2019 च्या शरद सत्रापासून तो पुरता लागू झाला. लगेच थेट वरच्या वर्गात बसून पहिल्या वर्षी पास होणाऱ्यांचं प्रमाण राज्यभर खूप वाढलं. काही प्राध्यापक म्हणतात, कच्ची मुलं आता वरच्या वर्गात नापास होतात. होत असतील. त्यावर उपाय म्हणून त्याच विषयाला जोडून जादा मदतीचा तास ठेवतात, आणि तो उपाय मला पटतो. माणसाला आधी वर्गात घ्या आणि तिथे हात द्या.

दुसरी खटकणारी गोष्ट अजून सुटलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी 2024 मध्ये अहवाल दिला. विद्यापीठात पुढे जायचं ठरवून कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी पाचातला जेमतेम एक जण चार वर्षांत प्रत्यक्ष पुढे गेला होता. पाचातला एक! हा आकडा मी लपवत नाही, कारण या व्यवस्थेवर माझं प्रेम आहे. यातले पुष्कळ जण नोकरी करत शिकतात, पोरंबाळं सांभाळत शिकतात, त्यांचा वेग कमीच राहणार. पण माझ्या पाहण्यात बरेच जण वेगळ्याच कारणाने अडकतात. कुठला विषय कुठल्या विद्यापीठाला चालतो हे त्यांना वेळेवर कोणी सांगत नाही. बर्कलीचे नियम वेगळे, स्टेट युनिव्हर्सिटीचे वेगळे, त्यातही शाखेप्रमाणे बदल. असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर सगळी कोष्टकं आहेत, पण ती वाचायला शिकणं हाच एक अभ्यास आहे. समुपदेशकाची भेट मिळायला सत्राच्या सुरुवातीला काही आठवडेही लागतात. मग मुलगा मित्राला विचारून विषय घेतो आणि दोन वर्षांनी कळतं की त्यातले चार विषय मोजलेच जाणार नाहीत. म्हणून माझ्या टेबलावर अर्ज भरून झाला की मी लगेच समुपदेशकाची तारीख घ्यायला लावते, विषय निवडायच्या आधी. शैक्षणिक आराखडा नावाचा एक कागद मिळतो, सत्रागणिक कुठले विषय घ्यायचे ते त्यावर लिहिलेलं असतं. तो मिळाल्याशिवाय कोणी विषयांची नोंदणी करू नये.

खुल्या प्रवेशाचा फायदा घेऊन सरकारी मदतीचे पैसे लाटण्यासाठी बनावट नावांनी अर्ज करणाऱ्या टोळ्याही गेल्या काही वर्षांत फोफावल्या आहेत. त्यामुळे आता ओळख पटवण्याची पायरी वाढली आहे. ती वाढू दे. चोर आले म्हणून बारावीचे टक्के मागायला लागणं हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि तसं इथे अजून कोणी केलेलं नाही, याचं मला समाधान आहे.

महाराष्ट्रात काय चित्र आहे? माझी एक मावसबहीण सांगलीत राहते. लग्नामुळे बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं. मुलं मोठी झाल्यावर तिने कॉलेजात जायचं ठरवलं तर पहिली मागणी आली गॅप सर्टिफिकेटची. मधली वर्षं तुम्ही काय करत होतात, दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता ना, याचं प्रतिज्ञापत्र. संसार करत होते, हे शपथेवर लिहून द्यायचं! त्याखेरीज शाळा सोडल्याचा मूळ दाखला, लागू असेल तिथे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आणि त्यासाठी सेतू केंद्राच्या फेऱ्या. आरक्षण आणि शिष्यवृत्तीचे कागद का लागतात ते मला कळतं, ते लागायलाच हवेत. पण अठरा वर्षांवरच्या माणसाने मधली वर्षं कशी घालवली याच्याशी कॉलेजला काय करायचंय?

आपल्याकडे खुल्या प्रवेशाचा विचार नवा नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं आणि शाळा अर्धवट सुटलेल्या कित्येकांना त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम देऊन पदवीपर्यंत नेलं. त्यात शेतकरी होते, पोलीस होते, गृहिणी होत्या. मुंबईत रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलगाही चालतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना याच विचाराची, आणि ती तर आमच्या सातारा-सांगलीच्या मातीतली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 मध्ये चक्क कम्युनिटी कॉलेज याच नावाची योजना आणली, पण ती चालू कॉलेजांमधले काही कौशल्याचे अभ्यासक्रम एवढ्यावरच राहिली. आपल्या गावात कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे कोणीही जाऊ शकतं, असं तालुक्याच्या गावी कोणाला वाटत असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवायची बँक दिली, मधे सोडून पुन्हा यायची मुभा दिली. कागदावर हे कॅलिफोर्नियाच्या जवळ जाणारं आहे.

राहिलंय ते प्रत्यक्षातलं कॉलेज. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक घरी येतं, पण पुस्तक एकट्याने वाचायचं असतं, आणि चाळिशीत पुन्हा शिकणाऱ्या बाईला वर्गातली सोबत लागते. शंका विचारायला समोर माणूस लागतो. तालुक्याच्या कॉलेजांच्या आणि आयटीआयच्या इमारती संध्याकाळनंतर बहुतेक रिकाम्या असतात. तिथे संध्याकाळचे वर्ग चालवा. अठरा पूर्ण एवढीच अट ठेवा. गॅप सर्टिफिकेट रद्द करा. मिळालेले श्रेयांक जिल्ह्यातल्या कुठल्या पदवीला, कुठल्या वर्षाला चालतील हे सत्र सुरू होण्याआधी लेखी जाहीर करा, आणि प्रत्येक ठिकाणी पूर्णवेळ समुपदेशक नेमा. शेवटची मागणी सगळ्यांत आधी कापली जाईल हे मला माहीत आहे, आणि म्हणून तिच्यावरच माझा सगळ्यांत जास्त भर आहे. ती कापली की पाचातला एक, हा आकडा आपल्याकडेही येईल.

ज्या घरात मुलगी किंवा सून कॅलिफोर्नियाला निघायच्या तयारीत आहे त्या घराला माझी एक विनंती आहे. मसाले आणि साड्या बॅगेत भरण्याआधी तिच्या विद्यापीठात जा. सगळ्या वर्षांच्या गुणांचं ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी सीलबंद पाकिटात काढून घ्या, दोन-तीन प्रती घ्या, आणि पाकिटं फोडू नका. पदवी प्रमाणपत्र आणि विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला सोबत द्या. तिचा अभ्यासक्रम छापील मिळत असेल तर तोही द्या. इथून हे सगळं मागवायला महिने जातात, आणि विद्यापीठात फेऱ्या मारायला वडिलांना रजा काढावी लागते. हे कागद हाताशी असले की कॉलेजचा अर्ज वर्षभर कधीही भरता येतो. बहुतेक कॉलेजांत मोठं सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं आणि दुसरं जानेवारीत.